व्हॅल मरी: प्रेअरीवरचे चिमुकले गाव आणि त्याच्या दाराशी उरलेले गवत

कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतात स्विफ्ट करंट नावाचे एक मध्यम आकाराचे शहर आहे. तिथून चार नंबरच्या महामार्गाने दक्षिणेला निघाले की पहिला तासभर दोन्ही बाजूंना फक्त शेती दिसते. गहू, वाटाणा, मोहरीच्या कुळातले पिवळ्या फुलांचे कॅनोला आणि मसूर. भारतात आयात होणाऱ्या मसुरीचा मोठा वाटा कॅनडातून येतो आणि कॅनडातली बहुतेक मसूर याच प्रांतात पिकते, त्यामुळे मराठी घरातल्या आमटीचा या रस्त्याशी संबंध असणे अगदी शक्य आहे. पुढे मात्र शेते विरळ होत जातात, जमीन हळूहळू खाली उतरते आणि एका रुंद खोऱ्याच्या तळाशी मोजकी घरे, एक जुने लाकडी धान्यकोठार आणि थोडी झाडे दिसू लागतात. हे व्हॅल मरी. स्विफ्ट करंटपासून सुमारे १२० किलोमीटर, प्रांताची राजधानी रेजायनापासून साडेतीनशेच्या पुढे. लोकसंख्या शे-सव्वाशे.

एवढ्या छोट्या गावाला दरवर्षी दूरदूरचे लोक का भेट देतात, याचे उत्तर गावात कमी आणि गावाबाहेरच्या गवतात जास्त आहे. कॅनडातल्या प्रेअरीचा बहुतांश भाग गेल्या सव्वाशे वर्षांत नांगराखाली गेला. मूळ गवत जेमतेम पाचव्या हिश्श्यावर उरले असेल. त्यातला एक मोठा सलग तुकडा व्हॅल मरीच्या दाराशी आहे.

प्रेअरी म्हणजे नेमके काय?

प्रेअरी हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ कुरण. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी कॅनडापासून टेक्सासपर्यंत पसरलेल्या गवताळ पट्ट्याला हे नाव पडले. पूर्वेकडे पाऊस जास्त, म्हणून तिथले गवत माणसाच्या डोक्याएवढे उंच वाढायचे. रॉकी पर्वताच्या पावसाच्या सावलीत येणाऱ्या पश्चिम भागात ते आखूड होत जाते. व्हॅल मरीचा परिसर या कोरड्या टोकाला आहे. वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून साधारण ३५० मिलिमीटर. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या जवळ जाऊ शकतो, हिवाळ्यात उणे चाळिशीच्याही खाली.

मराठीतला जवळचा शब्द माळरान. पण माळरान म्हटले की आपल्याकडे 'पडीक' हा अर्थ नकळत चिकटतो, आणि गंमत अशी की कॅनडातही या जमिनीबद्दल फार काळ हेच मत होते. इथल्या गवताची खरी वाढ जमिनीखाली असते. वर वीतभर पाती दिसतात, खाली मुळांचे दाट जाळे. दुष्काळात पाती वाळतात, मुळे तग धरतात. एकदा नांगर फिरला आणि ते जाळे तुटले की मूळ प्रेअरी परत येणे फार अवघड. कित्येक दशकांपूर्वी पडीक टाकलेले शेतसुद्धा जाणकाराला नजरेने वेगळे ओळखू येते.

न नांगरलेल्या जमिनीची गोष्ट

१८५७ ते १८६० या काळात जॉन पॅलिसर यांच्या मोहिमेने या प्रदेशाची पाहणी केली. दक्षिणेकडचा हा त्रिकोणी भाग शेतीसाठी फार कोरडा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो पुढे 'पॅलिसरचा त्रिकोण' म्हणूनच ओळखला जाऊ लागला. म्हणून आधी आले ते गुरेवाले. कुंपण नसलेल्या मोकळ्या मुलखात हजारो गुरे चारणारे मोठे रँच इथे उभे राहिले. १९०६-०७ चा हिवाळा मात्र इतका भयंकर निघाला की बर्फाखालचे गवत न मिळाल्याने गुरांचे कळपच्या कळप मेले आणि अनेक रँच बुडाले.

त्यानंतर सरकारने पॅलिसर यांचा इशारा बाजूला ठेवला. १९०८ मध्ये कायदा बदलून हा भाग वसाहतीसाठी खुला झाला. दहा डॉलर शुल्क भरायचे, १६० एकर जमीन घ्यायची, ठरावीक वर्षे राहून ती कसायची आणि मालक व्हायचे, अशी योजना होती. १९१० च्या सुमारास फ्रेंच भाषक कॅथलिक कुटुंबे या खोऱ्यात आली. गावाचे नाव त्यांचेच: व्हॅल मरी, म्हणजे मेरीचे खोरे. १९२४ मध्ये रेल्वे पोहोचली, १९२६ मध्ये वस्तीला गावाचा कायदेशीर दर्जा मिळाला.

प्रेअरीवरची गावे अशी एका साच्यातली का दिसतात, हेही इथे समजून घेण्यासारखे आहे. वसाहतीआधी सर्वेक्षकांनी सगळी जमीन एक मैल लांब आणि एक मैल रुंद चौकटींत कागदावर आखून टाकली होती. टेकडी असो वा ओढा, रस्ते त्या रेघांवरूनच सरळ जातात. आणि घोडागाडीत धान्य भरून शेतकऱ्याला दिवसभरात जाऊन परत येता यावे, म्हणून रेल्वेने थोड्या थोड्या मैलांवर एकेक थांबा केला. प्रत्येक थांब्यावर धान्याचे एलिव्हेटर उभे राहिले. एलिव्हेटर म्हणजे उंच लाकडी कोठार. आत पट्ट्याला लावलेल्या बादल्यांनी धान्य वर चढवायचे आणि वरून थेट रेल्वेच्या डब्यात सोडायचे. १९३० च्या दशकात पश्चिम कॅनडात अशी पाच हजारांहून अधिक कोठारे होती. ट्रक आले, मोठी काँक्रीटची कोठारे आली, आणि दर दहा मैलांवरच्या गावाची गरजच संपली. सास्काचेवानमध्ये कितीतरी गावांनी लोकसंख्या घटल्यावर आपला दर्जा सोडून देऊन आसपासच्या ग्रामीण पालिकेत विलीन होणे पत्करले आहे. व्हॅल मरीने अजून तसे केलेले नाही.

१९३० च्या दशकातल्या सलग दुष्काळाने पॅलिसर बरोबर होते हे दाखवून दिले. माती उडाली, पिके गेली, कुटुंबे गाव सोडून उत्तरेकडे सरकली. १९३५ मध्ये केंद्र सरकारने प्रेअरीच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली. सोडून दिलेल्या आणि झिजलेल्या जमिनी एकत्र करून सामुदायिक चराईची कुरणे केली. व्हॅल मरीच्या आसपासही अशी कुरणे आहेत. खोऱ्यातल्या उतारांवर आणि खडकाळ टेकड्यांवर तर नांगर कधी चाललाच नव्हता. आज जे जपले जाते आहे, ते मुख्यतः शेतीला नालायक ठरल्यामुळे वाचलेले आहे.

गावात काय आहे?

पायी अर्ध्या तासात गाव पाहून होते. विटांच्या जुन्या शाळेत स्थानिक लोकांनी छोटे संग्रहालय आणि दुकान चालवले आहे. १९३९ मध्ये बांधलेल्या कॉन्व्हेंटचे पुढे प्रवाशांसाठी निवासगृह झाले. एलिव्हेटर अजून उभे आहे. रेल्वे आता इथे येत नाही, तरी गावकऱ्यांनी ते वारसा म्हणून राखले आहे. राष्ट्रीय उद्यानाचे माहिती केंद्र गावातच आहे आणि मे ते ऑक्टोबर हा त्याचा हंगाम.

गावाने दोन प्रसिद्ध माणसे दिली, दोन अगदी वेगळ्या वाटांनी. ब्रायन ट्रॉटिए हे आइस हॉकीतले मोठे नाव. १९५६ मध्ये जन्मलेले ट्रॉटिए याच परिसरात वाढले आणि खेळाडू म्हणून त्यांनी सहा वेळा स्टॅनली चषक जिंकला.

दुसरे विल जेम्स. काउबॉय जीवनावर लिहिणारे आणि घोड्यांची अप्रतिम चित्रे काढणारे हे लेखक आपण मॉन्टानात जन्मलो आणि पोरके झाल्यावर एका फ्रेंच फासेपारध्याने आपल्याला वाढवले, असे सांगत. त्यांच्या 'स्मोकी' या घोड्याच्या कादंबरीला १९२७ मध्ये न्यूबेरी पदक मिळाले. प्रत्यक्षात ते क्विबेकमध्ये जन्मलेले अर्नेस्ट ड्यूफो होते. किशोरवयात पश्चिमेला आले, व्हॅल मरीजवळच्या रँचवर गुरांचे काम शिकले आणि आताच्या उद्यानाच्या हद्दीत त्यांनी जमीनही घेतली होती. १९४२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि खरी हकिकत त्यानंतर सर्वांसमोर आली. अमेरिकेच्या या लाडक्या काउबॉयचे प्रशिक्षण कॅनडात झाले होते, ही गोष्ट इथले लोक आवडीने सांगतात.

ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यान

गावाच्या पूर्वेला आणि दक्षिणेला पसरलेले ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यान हेच बहुतेकांच्या प्रवासाचे कारण. त्याचे दोन वेगळे भाग आहेत. पश्चिम भाग व्हॅल मरीजवळ, पूर्व भाग वुड माउंटन परिसरात; दोन्हींमध्ये बरेच अंतर आहे. उद्यानाची कल्पना १९५० च्या दशकातली, केंद्र आणि प्रांत यांच्यात पहिला करार १९८१ मध्ये, आणि कायद्याने पूर्ण दर्जा २००१ मध्ये. इतका वेळ लागण्याचे एक कारण म्हणजे जमीन सक्तीने घ्यायची नाही, जो रँचवाला स्वतःहून विकायला तयार असेल त्याच्याकडूनच घ्यायची, असे ठरले होते. म्हणून उद्यान तुकड्यातुकड्यांनी वाढत गेले.

पश्चिम भागातून फ्रेंचमन नदी वाहते. खोरे प्रचंड रुंद आणि नदी मात्र एखाद्या ओढ्याएवढी, हे पाहून पहिल्यांदा आलेला माणूस चक्रावतो. हिमयुगाच्या शेवटी वितळणाऱ्या बर्फाच्या लोंढ्याने हे खोरे कोरले. नदी नंतरची, त्या रिकाम्या खोऱ्यात राहायला आलेली. तिचे पाणी मॉन्टानातल्या मिल्क नदीतून मिसुरी आणि मिसिसिपीमार्गे थेट मेक्सिकोच्या आखातात जाते.

खोऱ्यातून मोटारीने जाण्याचा मार्ग आहे आणि वाटेत थांबे आहेत. पण मोटारीतून प्रेअरी सपाट आणि रिकामीच दिसते. पायी शंभर पावले चालले की पायाखाली निवडुंग, राखाडी-हिरव्या सेजच्या झुडपांचा उग्र वास, दगडांवर नारिंगी दगडफूल आणि बसलेल्या पक्ष्याची अचानक झालेली भरारी असे एकेक कळू लागते. सेव्हंटी माइल ब्यूट ही इथली ठळक टेकडी. वुड माउंटन ते फोर्ट वॉल्श या पोलिसांच्या जुन्या वाटेवर वुड माउंटनपासून ती सत्तर मैलांवर येते, म्हणून हे नाव. वर चढले की खोरे, गाव आणि क्षितिज एका नजरेत येते.

मध्येच कुठेतरी एखादा मोठा एकटा धोंडा दिसतो. त्याच्या कडा गुळगुळीत, भोवती जमीन खोलगट. हिमनदीने आणून टाकलेल्या या धोंड्यांवर बायसन हजारो वर्षे अंग घासत आले, त्याच्या या खुणा. एकोणिसाव्या शतकात कातड्यांच्या व्यापारासाठी झालेल्या कत्तलीने १८८० च्या दशकापर्यंत बायसन इथून नाहीसे झाले. डिसेंबर २००५ मध्ये अल्बर्टातल्या एल्क आयलंड राष्ट्रीय उद्यानातून ७१ बायसन व्हॅल मरीजवळ आणले गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मोकळ्या प्रदेशात सोडले. आज तिथे काही शे बायसनांचा कळप आहे.

ते फक्त पाहुण्यांना दाखवण्यासाठी आणले नाहीत. उद्यानासाठी जमीन घेतल्यावर सुरुवातीला तिथली गुरे हटवली गेली. रँचवाले सांगत होते की चराई थांबली तर हे कुरण बिघडेल, आणि त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे ठरले: वाळलेल्या गवताचा थर साचत गेला आणि आखूड गवतात राहणाऱ्या प्राणी-पक्ष्यांना ते गैरसोयीचे झाले. या गवताची घडणच चरणाऱ्या कळपांसोबत झाली आहे. म्हणून बायसन आले, आणि उद्यानाच्या काही भागांत ठरवून पाळीव गुरेही पुन्हा सोडण्यात आली.

प्रेअरी डॉग आणि मुंबईहून ओळखीचा रोग

आखूड गवत सगळ्यात जास्त लागते ते प्रेअरी डॉगला. नावात डॉग असले तरी हा खारीच्या कुळातला जमिनीखाली राहणारा प्राणी. काळ्या शेपटीच्या प्रेअरी डॉगच्या जंगली वसाहती कॅनडात फक्त याच खोऱ्यात आणि लगतच्या भागात आहेत. बिळाच्या तोंडाशी उभे राहून, डोके मागे टाकून ते ओरडतात आणि एकाचे ऐकून सगळी वसाहत ओरडू लागते. त्यांच्या सोडलेल्या बिळांत छोटी घुबडे राहतात, रॅटलस्नेकही येतात.

प्रेअरी डॉगवर जगणारे काळ्या पायांचे फेरेट हे मुंगसासारख्या लांबट अंगाचे शिकारी प्राणी. कॅनडात ते १९३७ नंतर दिसले नव्हते. जगातूनच संपले असे मानले जात असताना १९८१ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये थोडे सापडले. त्यांच्या पैदाशीतून वाढलेले ३४ फेरेट ऑक्टोबर २००९ मध्ये ग्रासलँड्समध्ये सोडले गेले. पुढच्या वर्षी पिल्लेही दिसली. पण त्याच वर्षी, २०१० मध्ये, प्रेअरी डॉगच्या वसाहतीत प्लेगची नोंद झाली.

हा तोच जिवाणू, ज्याने १८९६ मध्ये मुंबईत आणि नंतर पुण्यात थैमान घातले. चीनमधून हाँगकाँगमार्गे जहाजांबरोबर पसरलेली ती साथ १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्को बंदरात पोहोचली आणि तिथल्या उंदरांच्या पिसवांतून अमेरिकेच्या जंगली कुरतड्या प्राण्यांत शिरली. प्रेअरी डॉगला या रोगाची पूर्वी कधी ओळखच नसल्याने तो वसाहतीत शिरला तर जवळजवळ सगळे मरतात. दुष्काळ आणि प्लेग यांमुळे वसाहती आकसल्या आणि फेरेटचा तो प्रयत्न टिकला नाही. आता पिसवा मारण्यासाठी बिळांमध्ये औषधी भुकटी टाकली जाते. पाहुण्यांनी वसाहतीत शिरू नये, मेलेल्या प्राण्याला हात लावू नये आणि कुत्रा बांधून ठेवावा, या सूचनांमागे हे कारण आहे.

पक्ष्याचा आदेश आणि रँचवाल्यांची नाराजी

सेज ग्राउस हा कोंबडीएवढा पक्षी. वसंतात पहाटे नर ठरलेल्या मोकळ्या जागी जमतात, छाती फुगवून नाचतात आणि माद्या जोडीदार निवडतात. २०१२ च्या सुमारास कॅनडात हे पक्षी शंभराच्या आसपास उरले होते. डिसेंबर २०१३ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्यासाठी तातडीचा संरक्षण आदेश काढला. त्यानुसार अधिवासातल्या सरकारी जमिनीवर नवी कुंपणे, उंच बांधकामे आणि विणीच्या हंगामातला मोठा आवाज यांवर बंधने आली.

यातली बरीच जमीन रँचवाल्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या भाडेपट्ट्याने आहे. पक्षी उरला तो आमच्याच कुरणात, मग बंधने आमच्यावरच का, असा त्यांचा सवाल होता, आणि तो सहज झटकून टाकता येण्यासारखा नाही. गुरांचे दर पडले आणि रँच परवडेनासा झाला तर ती जमीन नांगरली जाण्याची भीती असते; म्हणजे रँच टिकणे ही पक्ष्याचीही गरज. उलट बाजूला, फक्त रँचवाल्यांच्या मर्जीवर सोडून शंभर पक्षी जगतील याची खात्री कुणी देऊ शकत नव्हते. उद्यान आणि संवर्धन संस्था यांच्याबरोबर काम करणारे रँचवाले इथे आहेत, 'सरकार' म्हटले की कपाळाला आठ्या घालणारेही आहेत. गावातल्या कॅफेत दोन्ही भेटू शकतात.

दगडांची वर्तुळे आणि वुड माउंटन

टेकड्यांच्या माथ्यावर गवतात अर्धवट बुडालेली दगडांची वर्तुळे दिसतात. इथल्या मूळ रहिवाशांच्या कातडी तंबूंच्या कडा दाबून ठेवण्यासाठी हे दगड मांडले जात. तंबू हलले, दगड राहिले. उद्यानात अशी हजारो वर्तुळे आहेत. एकही दगड उचलायचा किंवा सरकवायचा नाही.

पूर्व भागाजवळचे वुड माउंटन आणखी एका कारणाने महत्त्वाचे. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकी सैन्याचा पराभव केल्यावर लाकोटा लोकांचे नेते सिटिंग बुल पुढच्या वर्षी आपल्या माणसांसह सीमा ओलांडून इथे आले. इथल्या पोलीस ठाण्याचे अधिकारी जेम्स वॉल्श यांच्याशी त्यांचे बरे जमले. पण कॅनडा सरकारने त्यांना जमीन वा अन्न देण्यास नकार दिला, बायसन संपत चालले होते आणि उपासमार वाढली. १८८१ मध्ये सिटिंग बुल परत गेले आणि शरण आले. काही लाकोटा कुटुंबे मात्र मागे राहिली; त्यांचे वंशज आजही वुड माउंटनला आहेत.

पूर्व भागातल्या उघड्या, झिजलेल्या टेकड्यांत १८७४ मध्ये जॉर्ज मर्सर डॉसन यांना डायनासोरचे अवशेष सापडले. पश्चिम कॅनडातली ती सर्वांत आधीच्या शोधांपैकी एक नोंद. फ्रेंचमन नदीच्याच काठी, पण वरच्या अंगाला असलेल्या ईस्टएंड गावाजवळ १९९१ मध्ये 'स्कॉटी' हा अवाढव्य टायरॅनोसॉरस सापडला. लेखक वॉलेस स्टेग्नर यांचे बालपण याच ईस्टएंडमध्ये गेले. वेळ असेल तर व्हॅल मरीनंतर तिकडे जाता येते.

जाण्यापूर्वी

जूनमध्ये गवत हिरवे असते आणि फुले असतात, डासही असतात. जुलै-ऑगस्ट तापतात, बायसनांच्या माजाचा हाच काळ, त्यामुळे नर भडक असतात. एरवीही त्यांच्यापासून किमान १०० मीटर अंतर ठेवायला सांगितले जाते. सप्टेंबर बहुतेकांना सर्वांत आवडतो. उद्यानात सावली नाही, म्हणून पाणी आणि टोपी लागतेच. रॅटलस्नेक सहसा स्वतःहून बाजूला होतो, पण उंच बूट घालावेत आणि दगडाखाली हात घालू नये.

स्विफ्ट करंटला इंधनाची टाकी भरून घेणे शहाणपणाचे. मोठे रुग्णालयही तिथेच. उद्यानात मोबाइलला भरवशाची रेंज नाही. आतले रस्ते खडी-मातीचे. इथल्या चिकणमातीला 'गंबो' म्हणतात आणि पाऊस पडला की ती चाकांना अशी चिकटते की गाडी जागची हलत नाही. अशा वेळी रस्ता सुकेपर्यंत थांबणे एवढाच उपाय. मुक्काम उद्यानातल्या तळावर करता येतो. २००९ पासून हा परिसर काळोख्या आकाशाचे संरक्षित क्षेत्र आहे. ढग नसतील आणि चंद्र नसेल तर आकाशगंगा एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत दिसते.

आसपासच्या जमिनींवर रँचवाल्यांची कुंपणे आणि फाटके लागतात. खासगी जमिनीत शिरण्याआधी मालकाची परवानगी घ्यावी. वाटेतले फाटक उघडे दिसले तर उघडेच ठेवायचे, बंद दिसले तर मागे बंद करायचे. उघडे फाटक पाहून 'कुणीतरी विसरले असेल' म्हणून लावून घेणाऱ्या भल्या प्रवाशामुळे गुरे पाण्यापासून तुटू शकतात.